केसांना हात लावू नकोस

मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'थ्रिलरची सुरुवात, दोन मिनिटं', आणि वर्ग खूश झाला. मी नाही झाले. बाकीच्यांना हा विषय पहिल्यांदा होता, मला दुसऱ्यांदा. मागच्या वर्षी मी यातच नापास झाले होते, कारण फिल्म जमा करायच्या दिवशी आमच्या ग्रुपने रिकामा पेन ड्राइव्ह दिला होता. फिल्म त्यात टाकायचं काम कुणाचं होतं यावर त्या चौघांचं आजही एकमत नाही, आणि त्या चौघांत मी धरून आहे. आता नियम असा की या वेळी विषय सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. वर्षभर घरी बसायचं. मी घरी बसल्यावर काय करायचं हे बाबांनी आधीच ठरवून टाकलं होतं. कळंबोलीत त्यांच्या ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला फोन उचलायला मुलगी हवी होती. बाबा दर दोन दिवसांनी जेवताना त्याचा विषय काढायचे, अगदी सहज, वरण वाढता वाढता.

तर माझं वर्ष या दोन मिनिटांवर होतं, आणि ती दोन मिनिटं मला या दोघांबरोबर करायची होती.

एक कॅमेरेवाला. हा रोडपालीचा. त्याचा मामेभाऊ लग्नांचं शूटिंग करायचा, त्यामुळे घरात कॅमेरा होता, एवढीच याची पात्रता. दिसेल त्याच्यावर हळूहळू झूम करत जायची त्याला सवय, जणू समोर नवरीच बसलीय. दुसरा आमचा हिरो. उलव्याजवळच्या गावातला, तिथलाच मूळचा. बोलायला फार कमी, पण केस असे की वर्गातल्या मुलीसुद्धा त्याला तेल कुठलं लावतोस विचारायच्या. मानेपर्यंत आलेले, कुरळे, एक बट कायम डाव्या डोळ्यावर. मी त्याला अभिनयासाठी नव्हतंच घेतलं. अभिनय त्याला येतो की नाही हे मी तपासलंही नाही. मी ते केस घेतले होते, आणि त्यांच्याबरोबर तो आला.

गोष्ट मी लिहिली. एक माणूस बांधकाम चालू असलेल्या रिकाम्या इमारतीत शिरतो. कुठेतरी फोन वाजतोय. तो आवाजाच्या मागे जिने चढत जातो. चौथ्या मजल्यावर विटांच्या उघड्या भिंतीत एक फट आहे, फोन तिथे आहे. तो हात घालून फोन काढतो, कानाला लावतो, आणि पलीकडून त्याचाच आवाज येतो. बस. मॅडमनी प्रत्येक शॉटचं चित्र आधी काढून आणायला सांगितलं होतं. मला चित्रकला येत नाही. मी काड्यांची माणसं काढली, आणि हिरो कुठला ते कळावं म्हणून त्याच्या डोक्यावर पेनाने गिरगटलं. बत्तीस चौकटी, बत्तीस गिरगोट्या. मॅडम म्हणाल्या, 'हे झुडूप सगळीकडे का आहे?'

त्या दिवसांत मला फिल्मशिवाय काही दिसत नव्हतं. सुकापूरला आमच्या घरात जे काही होतं ते मी फिल्मला जुंपलं. आईची नवीन चादर पडदा म्हणून नेली, बाबांचा चष्मा जिन्यात पडलेला दाखवायला नेला. मग मला हिरोच्या धापेचा आवाज हवा होता, आणि हिरोला धापा टाकायला सांगितलं की तो गाई हाकल्यासारखा आवाज काढायचा. आईला दमा आहे. आमच्या चारही बाजूंना इमारती उठताहेत, त्या धुळीने तो वाढलेला. एका दुपारी तिला दम लागला तेव्हा मी मोबाइल चालू करून तिच्या तोंडाजवळ धरला.

'आधी पंप दे,' आई म्हणाली.

मी म्हटलं, 'देते गं, फक्त अजून एकदा.'

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी हे कौतुकाने सांगितलं. कॅमेरेवाला पोट धरून हसला. हिरोने विचारलं, 'मंग दिलास का पंप?' दिला होता, अर्थातच दिला होता. अर्धं मिनिट उशीर झाला असेल. लोक उगाच प्रत्येक गोष्टीचा बाऊ करतात असं मला तेव्हा वाटायचं.

शूटिंगच्या तारखा मी ठरवल्या नाहीत, लग्नाच्या मुहूर्तांनी ठरवल्या. मामेभावाची अट स्पष्ट होती. मुहूर्त असेल त्या दिवशी कॅमेरा मिळणार नाही, हळद असेल त्याही दिवशी नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि मुहूर्त नसलेले दिवस शोधायला लागले. आईने बिचारीने आशेने विचारलं, 'काय बघतेयस गं?' त्या सगळ्या लग्नसराईत दोनच दिवस रिकामे सापडले. एक रविवार, आणि त्यानंतर बारा दिवसांनी येणारा शुक्रवार. त्याच्या पुढच्या बुधवारी फिल्म जमा करायची होती. म्हणजे दोनच संधी, तिसरी नाहीच.

रविवारी आम्ही उलव्याला गेलो. इमारत हिरोच्या ओळखीने मिळाली होती. त्याचा काका तिथे विटा-रेती टाकायचा, त्यामुळे वॉचमनने गेट उघडलं आणि वर खुर्चीही दिली. बाकी कशानेही साथ दिली नाही. शेजारच्या प्लॉटवर पाया खोदणारं यंत्र दर चार सेकंदांनी धाडधाड आपटत होतं. पहिल्या शॉटमध्ये कॅमेरेवाल्याची सावली हिरोच्या पाठीवर चढली. दुसऱ्यात हिरो दारातून आत आला तेव्हा त्याचं घड्याळ डाव्या हातात होतं, पाचव्यात उजव्या हातात. का, तर मधे त्याने हात धुतले. सातव्यात जिन्याच्या पायरीवर आमची पाण्याची बाटली, निळ्या झाकणाची, ठसठशीत. नवव्यात हिरो डावीकडून उजवीकडे गेला आणि दहाव्यात उजवीकडून डावीकडे, म्हणजे पाहणाऱ्याला वाटणार हा घाबरून घरी परत चालला. मी ओरडून ओरडून घसा बसवला. कॅमेरेवाला म्हणाला, 'टेन्शन नको घेऊ, एडिटिंगमध्ये बघू.' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं तो मला भेटायला हवा आहे.

तरी संध्याकाळपर्यंत निम्मं काम झालं. इमारतीत शिरणं झालं, खालचे जिने झाले, आणि ऊन छान तिरपं येत होतं म्हणून चौथ्या मजल्यावरचा तो मुख्य शॉटही उरकला. विटांच्या फटीत हात जातो, बोटं चाचपडतात, फोन बाहेर येतो, विटेचा चुरा खाली सांडतो, मागे हिरोचे केस आणि केसांतून ऊन. तो शॉट पाहून मी पहिल्यांदा हसले. राहिले होते फक्त वरचे जिने, चेहऱ्याचे शॉट आणि शेवट.

शुक्रवारच्या आधी चार दिवस मी ग्रुपवर मेसेज टाकला: 'दहा वाजता. तोच शर्ट, तेच बूट, घड्याळ डाव्या हातात. केसांना हात लावू नकोस, धुवूसुद्धा नकोस.' हिरोने अंगठा दाखवला. त्या बारा दिवसांत तो कॉलेजात जेमतेम तीनदा आला असेल. विचारलं तर म्हणायचा, 'घरी काम हाय जरा.' कसलं काम ते मी विचारलं नाही. मला त्याचं काम नको होतं, मला तो शुक्रवारी हवा होता.

शुक्रवारी दहाला पाच कमी असताना तो बाइकवरून आला. मी मनात म्हटलं, चला, वेळेवर तरी आला. त्याने हेल्मेट काढलं.

डोकं गुळगुळीत. मिशीसुद्धा गेलेली. कपाळापर्यंत चेहरा उन्हाने रापलेला आणि त्याच्या वर एकदम फिकट, कुणीतरी पट्टीने रेघ मारून ठेवल्यासारखा.

'हे काय आहे?' मी विचारलं.

'काल दहावा व्हता. आजोबा गेले आमचे.'

आता यानंतर माणूस काय म्हणतो? मी म्हटलं, 'सख्खे?'

'चुलत.'

'मग?'

'भावकीत समदेच काढतात,' तो म्हणाला. 'बाबानं काढलं, काकानं काढलं. आमच्यात तसाच हाय.'

माझं डोकं फिरलं. मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, पण मुद्दा माझा बरोबर होता असं मला त्या क्षणी वाटत होतं. दहावा काही अचानक येत नाही. माणूस गेला त्या दिवशीच कळतं दहावा कधी आहे ते. इतके दिवस हा माणूस हातात फोन घेऊन बसला होता. एक ओळ टाकायला काय झालं होतं? 'मग अंगठा कशाला दाखवलास?' मी किंचाळले. तो म्हणाला, 'शर्ट तोच हाय ना.' आणि खरंच शर्ट तोच होता, बूट तेच होते, घड्याळ डाव्या हातात होतं. वर हेही कळलं की उद्या बाराव्याचं जेवण, घरात माणसांचा गराडा, आणि हा सकाळी भांडीकुंडी आणायची सोडून माझ्यासाठी आला होता. हे ऐकून मला अजूनच राग आला, कारण आता नीट रागावताही येईना.

कॅमेरेवाला हसू दाबत होता. मी म्हटलं, हसतोस काय, चल वर, आधी जागा तरी बघू. चौथ्या मजल्यावर गेलो. आमची विटांची भिंत नव्हती. म्हणजे भिंत होती, पण तिच्यावर वरपासून खालपर्यंत प्लास्टर, ओलसर, करडं, सपाट. आमची फट आत कुठेतरी गडप झालेली. मी वॉचमनला हाक मारली. तो वर आला, भिंतीकडे बघून म्हणाला, 'परवाच मारला ना प्लास्टर. काम थांबतंय व्हय तुमच्यासाठी?'

उलव्यात बारा दिवस म्हणजे फार झाले, हे मला कळायला हवं होतं. तिथे आज जी गल्ली दिसते ती पुढच्या महिन्यात सापडत नाही. पण मी मुहूर्त बघितले, ऊन बघितलं, घड्याळ कुठल्या हातात ते बघितलं, आणि गवंडी बघायचे राहिले.

मी सिमेंटच्या गोण्यांवर बसले आणि रडले. सरळ मोठ्याने. वर्ष गेलं म्हणाले, कळंबोलीत फोन उचलीन म्हणाले, तुम्हा दोघांना काय, तुमचं काही जात नाही. ते खरंही होतं. त्या दोघांना या विषयाची पुन्हा परीक्षा देता येणार होती, मला नव्हती. हिरो समोर उभा होता, हात कुठे ठेवावेत ते न कळून. 'काय करायचा ता सांग,' तो म्हणाला, 'मी करतो.'

मग सुरू झाले उपाय. बाबांची माकडटोपी माझ्या पिशवीत होती, ती घालून पाहिली. भर उन्हाळ्यात माकडटोपी घातलेला माणूस थ्रिलरमधला वाटत नाही, आजारी वाटतो. हेल्मेट घालून पाहिलं, तर तो पार्सल द्यायला आलेला दिसायला लागला. पनवेलला भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानात फोन केला. त्यांच्याकडे दोन विग होते, एक ऋषीच्या जटांचा आणि एक लावणीच्या अंबाड्याचा. कॅमेरेवाला म्हणाला, 'जटा आणू, पुढून कापू.' हिरो यालाही तयार होता. त्या दिवशी तो कशालाच नाही म्हणाला नाही, आणि त्याचाही मला त्रास होत होता.

दुपारी जेवायला बसलो. हिरोच्या डब्यात नुसता भात आणि बिनफोडणीची डाळ होती. एरवी त्याच्या डब्यातल्या सुकटीसाठी कॅमेरेवाला त्याच्याशी भांडायचा. हिरो घास हातात धरून त्या भिंतीकडे बघत होता. तो म्हणाला, 'इथं कोनी काय लपवला असता, तर आता गेला ना प्लास्टरच्या आत.'

मी घास तसाच ठेवला.

लपवला असता तर. माणूस इमारतीत शिरतो, चौथ्या मजल्यावर विटांच्या फटीत फोन लपवतो आणि जातो. मग पडद्यावर अक्षरं येतात. मग तोच माणूस परत येतो, ओळखू येऊ नये म्हणून डोकं-मिशी उतरवलेला. आणि भिंत बंद. आणि भिंतीच्या आतून फोन वाजतोय. माझ्या मूळ गोष्टीपेक्षा ही कितीतरी बरी होती, आणि तिच्यातलं मी काहीही लिहिलेलं नव्हतं. मी उत्साहाने म्हटलं, 'सात महिन्यांनंतर!' कॅमेरेवाल्याने विचारलं, 'सात महिने बॅटरी टिकली का?' आयुष्यात पहिल्यांदा त्याने कामाचं काहीतरी विचारलं होतं. मी 'चार दिवसांनंतर' केलं.

उरलेल्या दुपारभर आम्ही शूटिंग केलं. हिरो त्या भिंतीसमोर उभा राहिला, तिच्यावरून हात फिरवला, बोटांनी ठोकून पाहिलं, मग कान लावला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, फक्त म्हटलं होतं की तुझं काहीतरी आत राहिलंय. तो बराच वेळ कान लावून उभा राहिला, डोळे मिटून. कॅमेरेवाला त्याच्यावर हळूहळू झूम करत गेला आणि मी त्याला थांबवलं नाही. यंत्र शेजारी आपटत होतं, तेही या वेळी मला चाललं.

पुढचे चार दिवस मी चुका निस्तरत बसले. रविवारच्या शॉटमध्ये हात फटीतून फोन काढत होता, मला तो ठेवताना हवा होता. तो शॉट उलटा फिरवला. हात छान आत गेला, फक्त खाली सांडलेला विटेचा चुरा जमिनीवरून उडून भिंतीत परत शिरायला लागला. तेवढा तुकडा कापला. मग हिरोचा खांदा एकदम उडी मारायला लागला. मधे जिन्याचा शॉट टाकला. त्यात बाटली होती. बाटली कापायला चौकट मोठी केली तर हिरोचं कपाळ गेलं. घड्याळवाला शॉट आरशासारखा फिरवला तर घड्याळ डाव्या हातात आलं, पण भिंतीवर रंगवलेला मजल्याचा आकडा उलटा झाला. मंगळवारपर्यंत मी घरात कुणाशी सरळ बोलत नव्हते. बाबांनी ट्रान्सपोर्टवाल्याचा विषय काढला तेव्हा मी ताट उचलून दुसऱ्या खोलीत गेले. भिंतीला कान लावलेल्या शॉटवर आईच्या श्वासाचा आवाज लावला. तो अगदी चपखल बसला.

बुधवारी पेन ड्राइव्ह मी स्वतः तीनदा तपासला. मॅडमनी सगळ्या वर्गासमोर फिल्म लावली. भिंतीतून फोन वाजायला लागला तेव्हा मागच्या बाकावरची बडबड थांबली. संपल्यावर मॅडमनी दिवे लावले. मग म्हणाल्या, 'मजल्याचा आकडा उलटा आहे. पण चांगली आहे. खरंच चांगली आहे. फक्त मधला दुवा राहिलाय. त्याचे केस गेले हे नुसतं दिसतं, जाताना दिसत नाहीत. तो एक शॉट असता तर काही बोलायलाच नको होतं.' मार्क चांगले पडले. माझा विषय सुटला.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, साधारण दहा मिनिटं. मग तो राहिलेला शॉट मला टोचायला लागला. कॉलेज सुटल्यावर हिरो आणि मी बसस्टॉपवर उभे होतो. त्याच्या डोक्यावर आता काळपट खुंट उगवायला लागले होते. मी त्याला म्हटलं, 'बघ, मॅडमपण तेच म्हणाल्या. तुमच्या गावचा तलाव, काठावर ओळीने बसलेले सगळे पुरुष, समोर न्हावी, पाण्यात पडणारे केस. आणि सकाळचं ऊन. अरे, असा शॉट आपल्याला आयुष्यात पुन्हा मिळणार नाही. तू एक शब्द आधी सांगितलं असतंस तर मी मोबाइल घेऊन आले असते. सांगायला काय झालं होतं रे तुला?'

तो रस्त्याकडे बघत होता. 'म्हनून तर नाय सांगितला,' तो म्हणाला.

मला वाटलं मी नीट समजले नाही. मी म्हटलं, 'म्हणजे?'

'तू आली असतीस,' तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, बस कुठली पकडायची हे सांगावं तसं. 'मी नको म्हनलो असतो तर तू रडली असतीस. वर्ष जाईल म्हनली असतीस. मंग मी हो म्हनलो असतो. मला तुला नाय म्हनता नसता आला. आजोबा माजा व्हता ना. मीच तिकडं कॅमेऱ्यात बघून बसलो असतो.'

मी तोंड उघडलं, कारण मला भांडायची सवय आहे. पण तो बरोबर होता. मी नेमकं तेच केलं असतं. तलावाच्या काठावर उभी राहून मी त्याला डोकं थोडं उजवीकडे वळवायला सांगितलं असतं.